गुरुवारी रघू आमच्याकडे जेवतो

तुळजाकाकू गेल्याची बातमी मला त्यांच्या लेकानं, रघूनेच दिली, एक शब्दही न बोलता. महिना झाला त्याला. मंगळवारी सकाळी इडलीचं पीठ वाटत होते, तर हा दारात. पस्तिशीचा, उंचापुरा रघू बोलत नाही. पण त्याचे वार चुकत नाहीत, आणि आमच्याकडे तो यायचा गुरुवारी. पदराला धरून मला शेजारी त्यांच्या घरी नेलं. काकू झोपेतच गेल्या होत्या...

मद्रासच्या ट्राम बंद पडल्या त्या सुमारास आम्ही तिरुवल्लिकेणीत बिऱ्हाड थाटलं. ह्यांची रेल्वेत बदली. काकूंची मराठी तंजावरची, जुनी, तमिळ हेलाची, माझी पुण्याची. एकमेकींच्या बोलण्याला आम्ही पोट धरून हसायचो. लेकाला सोडून त्या पंचवीस वर्षांत कुठे गेल्या नव्हत्या. एकदा भाचीच्या लग्नाला मी त्यांना हट्टानं पाठवलं, आणि ऐटीत रघूच्या पानात आधी पोळी वाढली. त्यांच्याकडे क्रम ठरलेला: सांबार-भात, मग सार-भात, शेवटी दहीभात. पोळी बघून रघू उठला, तो संध्याकाळी आई येईपर्यंत उपाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “आधी पोळी? तो काय पुण्याचा जावई आहे?” मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाल्या, “माझ्यामागं हा कुणाच्या हातचं खाईल ग?”

आमच्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. म्हटलं, रघूचाही वार लावू. पहिले चार गुरुवार काकू शेजारी बसून मला डोळ्यांनी दटावत होत्या. पाचव्या गुरुवारी मीच त्यांना समुद्रावर पिटाळलं. परतल्या त्या लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात चण्यांच्या सुंडलचा पुडा. “नुसती पाण्यात उभी राहिले. कुणाला माझी गरज नव्हती,” म्हणाल्या, आणि इतक्या खूश, की सगळे चणे आम्हीच दोघींनी फस्त केले. पुढे गल्लीतल्या आणखी तीन घरांनी वार उचलले. साठी उलटलेली बाई, पण दर आठवड्याला नवी भटकंती.

पण हे सगळं आई परत येणार म्हणून चाललं होतं. त्या मंगळवारी ती येणार नव्हती. माणसं स्मशानातून परतल्यावर मी त्यांच्याच घरी रघूचं पान मांडलं. सांबार-भात वाढला. तो पानाकडे बघत बसला, मग माझ्याकडे... आणि जेवायला लागला. सार-भात जेवला, दहीभात जेवला. मग पान पुढे सरकवलं.

काकू, ऐकताय ना, त्यानं पुन्हा भात मागितला.