नर्सबाईंचा दगड

दवाखान्यात औषधांपेक्षा गोष्टीच जास्त साठतात. औषध संपतं, रोगी बरा होऊन गावी जातो, पण त्याची गोष्ट आमच्याकडेच राहते. अमडापूरच्या बाजूला आमचा लहानसा दवाखाना होता. डॉक्टरसाहेब, भिकाजी कंपाउंडर, शेवंताबाई नर्स आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मी, एवढीच माणसं. आजही आम्ही जुने लोक भेटलो की चहा निवायच्या आत बोलणं शेवंताबाईंच्या सायकलवर येतं.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे. मोटार कोळशावर चालायची, आणि तीही चालली तर!

*

एका बाळंतिणीकडून परत येताना बाईंची दमणी नाल्यात उलटली. बैल उधळले आणि चाक त्यांच्या उजव्या गुडघ्यावरून गेलं. मोठ्या दवाखान्यात त्या कित्येक महिने पडून होत्या. हाड जुळलं, पण गुडघा लाकडासारखा झाला. सोडताना तिथले डॉक्टर मायेनं म्हणाले, "बाई, खूप केलंत. आता घरी बसा."

बाईंनी विचारलं, "कोणाच्या?"

बाई लहानपणीच विधवा झालेल्या. सासर तुटलं होतं, माहेर उरलं नव्हतं. दवाखान्यामागची एक खोली हेच घर, आणि ती खोली नोकरीची. रजा संपेपर्यंत फिरतीवर जाता आलं नाही तर दुसरी नर्स येणार, असं वरून कळवलेलं होतं.

*

"गुडघा हलवाल तर वाकेल. सायकल चालवा!" आमचे डॉक्टरसाहेब अर्धं थट्टेनंच म्हणाले. बाईंनी ते पुरतं खरं धरलं.

सायकल एकच होती, भिकाजी कंपाउंडरांची, मधे दांडा असलेली. ते बिचारे संकोचून म्हणाले, "ताई, ही गड्याची सायकल हाय. बायांची येगळी असते."

"भाऊ, ते गोल पातळवालीसाठी," बाई म्हणाल्या. "कासोटेवालीले कोणतीही चालते!"

*

शिकायला त्यांनी गावाबाहेरचं रिकामं खळं निवडलं. जमीन सपाट, चोपलेली. सीट अगदी उंच केली, म्हणजे गुडघा कमी वाकवावा लागे. पण त्यामुळे पाय जमिनीला पोचेना. चढताना आम्ही धरायचो. उतरायचं कसं, याचा विचार कुणीच केला नव्हता!

पहिल्या दिवशी बाई गोल गोल फिरत राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ओठ घट्ट मिटलेले. कडेनं जाणारा एक म्हातारा थांबला. "काऊन वो बाई, कोणाची मळणी चालू हाय?"

"माह्या पायाची!"

शेवटी दम संपला. भिकाजी ओरडले, "ताई, ब्रेक दाबा, ब्रेक!"

"ब्रेक हाय भाऊ, पण टेकवाले पाय कुठी हाय?" असं म्हणत बाई सरळ कडब्याच्या गंजीत शिरल्या. आम्ही त्यांना ओढून बाहेर काढलं. केसांतला कडबा झटकत त्या म्हणाल्या, "उद्या गंजी थोडी जवळ रचा."

*

रजा संपत आली तेव्हा एक साहेब पाहणीला आले. त्यांनी बाईंना अंगणातल्या कडुनिंबापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. बाई लंगडत गेल्या, लंगडत आल्या. साहेबांनी मान हलवली.

"असं चालून तुम्ही गावोगाव कशा जाल?"

"साहेब, पाय धड होता तवाही मी चालत नव्हती जात," बाई म्हणाल्या. "दमणीत बसून जात होती. अन् तिनंच पाय मोडला."

साहेब हसले नाहीत. पण निघताना त्यांच्या मोटारीचा कोळसा पेटेना. ड्रायव्हर पंखा फिरवून दमला. तेवढ्यात पुढच्या खेड्यातून बाईंना बोलावणं आलं आणि त्या सायकलवरून गेल्या. बाळंतीण मोकळी करून परत आल्या, तेव्हा साहेब आमच्या ओट्यावर चहा पीत होते!

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाईंना राहू द्या."

*

उतरायचा प्रश्न बाईंनी दगडांवर सोडवला. पाय टेकायला वीतभर उंच दगड असेल तिथेच त्या थांबत. मैलाचा दगड, विहिरीचा काठ, देवळाची पायरी, सगळे त्यांना पाठ. हळूहळू लोकांनाही ते कळलं. ज्या घरी बाळंतपण जवळ आलं असेल, तिथे दारात एक चांगला चपटा दगड आणून ठेवायचे. दगड दिसला की गल्ली समजायची, या घरी पाळणा हलणार.

एकदा एका घरासमोर दगड पाहून बाई उतरल्या. आत गेलो तर नवी नवरी, हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. बिचारी लाजून कणगीमागे लपली.

"अवो माय, लगीन तर आत्ताच झालं ना?" बाईंनी सासूला विचारलं.

"हाव ना. पण चांगला दगड सापडला. मंग कोणी उचलून नेला तर!"

*

सगळ्याच घरी असं नव्हतं. पिंपळखेडला मळ्यात गंगूमायचं घर होतं. वांगी-मिरचीचा मोठा मळा, विहिरीला भरपूर पाणी, आणि घरात गंगूमायचा शब्द. सून सुभद्रा पहिलटकरीण होती. तिचे पाय सुजले होते, बाळंतपण अवघड जाईल असं बाईंना आधीच वाटत होतं, म्हणून त्या सारख्या चौकशीला जात. सुभद्राच्या नवऱ्यानं दारात दगड ठेवला होता.

एक दिवस आम्ही गेलो तर दगड नव्हता. गंगूमाय दारात उभी.

"मोडक्या पायाची बाई पोराच्या जल्माले नोको," ती म्हणाली. "तुह्या पायाचा अवगुण माह्या घरी कायले?"

बाईंना उतरता येईना. त्या तशाच सायकलवर अंगणात फेऱ्या घालत बोलत राहिल्या. "मले नोको येऊ देऊ, माय. पण तिच्या पायावर सूज हाय. तिले गाडीत घालून दवाखान्यात धाड." गंगूमायनं दार लावून घेतलं.

सुभद्राला आणलं नाही. ती वाचली. मूल गेलं.

हे कळलं त्या दिवशी फिरतीवरून परत येताना बाई नाल्याजवळच्या मैलाच्या दगडाशी थांबल्या. मला एवढंच म्हणाल्या, "इंदू, मले उतरता आलं असतं, तर मी दार लावू देलं नसतं."

*

त्यानंतर बाई रोज पहाटे खळ्यावर जाऊ लागल्या. कामाच्या फेऱ्या वेगळ्या, या वेगळ्या. बोलावणं नसलं तरी जायच्या.

एका संध्याकाळी त्या परत आल्या आणि कुरकुरल्या, "भाऊ, आज सायकल लई जड लागली. तेल घाला."

भिकाजी खाली बघत म्हणाले, "तेल हाय ताई. सीट खाली केली. बोटभर. सकाळीच."

म्हणजे गुडघा तेवढा जास्त वाकला होता, आणि बाईंना कळलंही नव्हतं! त्या ओट्यावर बसल्या, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि निजवायच्या पोरासारखा तो थोपटत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मले न विचारता केली ना? आता अशीच करत जा."

भिकाजी तशीच करत गेले. सीट खाली खाली येत शेवटी इतकी उतरली, की बाईंचा पाय कुठेही जमिनीला टेकू लागला. लोक मात्र सवयीनं दगड ठेवतच राहिले.

*

पुढच्या वर्षी सकाळी सकाळीच सुभद्राचा नवरा गाडी घेऊन दवाखान्यात आला. "चला नर्सबाई. मायनंच धाडलं."

बाई गाडीत कधीच बसत नसत. मी पेटी घेऊन गाडीत बसले, बाई सायकलवर. मळ्याच्या वळणावर आम्ही सोबतच पोचलो.

दारात दगड नव्हता. आतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज येत होता. गंगूमाय पदर खोचून, वाकून, घरातला पाटा ओढत बाहेर आणत होती. ज्याला चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो, तो पाटा. पोर झालं की पाचवीला सटवाई म्हणून ज्याची पूजा होते, तो. तिनं तो उंबऱ्याबाहेर मांडला आणि धापा टाकत बाजूला झाली.

"माय, हा पाटा होय ना?" बाई सायकलवरूनच म्हणाल्या. "याच्यावर पाय कसा ठेवू?"

"मले ठाऊक हाय काय होय ते. ठेव पाय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग ब्रेक दाबला, आणि तो उजवा अनवाणी पाय, पावसाळी चिखलानं भरलेला, पाट्यावर टेकवून त्या उतरल्या.

दुपारी मुलगी झाली. मोठ्यानं रडली.

पाचवीला मला बोलावणं होतं. पाटा घरात गेलाच नव्हता, दाराशीच होता. पूजेची तयारी करणारी शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली, "गंगूमाय, चिखल हाय यावर, धुवून घेतो."

"राहू दे," गंगूमाय म्हणाली. ती खाली बसली, आणि वाळलेल्या काळ्या मातीचा जो पाचही बोटांचा ठसा पाट्यावर उठला होता, त्याच्यावरच तिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं.