सगळ्यांच्या मागे चालणारे काका

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो सुधाकरकाकांचा. हिंगोलीकडच्या गावातून, घरातला पहिला पदवीधर म्हणून मी कतारमधल्या मेसईदच्या एका कारखान्यात आलो, तेव्हा मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची मला धास्ती वाटायची. नाशिकचे काका तिथे वरिष्ठ इंजिनिअर होते. ते मुद्दाम माझ्या मागच्या खुर्चीवर बसायचे आणि हळूच म्हणायचे, "बोल रे. मी मागे आहे ना."

मागे राहणं हा त्यांचा स्वभावच होता. थंडीत शुक्रवारी ते आम्हा मराठी मंडळींना पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांत फिरायला न्यायचे. वाऱ्याने कोरलेले चुनखडीचे पांढरे सुळके, मधून अरुंद वाटा, प्रत्येक वळण आधीच्यासारखंच. निघताना काका प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजायचे आणि सर्वांत शेवटी चालायचे. रेंगाळणाऱ्याला म्हणायचे, "यल्ला, चला राजे. डब्यातली साबुदाणा खिचडी दगड होतेय." गुडघ्यांमुळे काकू गाडीपाशीच थांबायच्या. त्या सांगायच्या, "सप्तपदीलासुद्धा हे मागे राहायला बघत होते. भटजींनी पुढे ओढलं."

गेल्या हिवाळ्यात असंच त्यांनी मोजलं, "चौदा. चला." ऊन चढायच्या आत आम्ही वळसा घालून गाड्यांपाशी परतलो. आमच्यातल्या, अल वक्रा गावात राहणाऱ्या मीनाताईंनी मोजलं. चौदा.

"खलास, झालं. सगळे आले," त्या म्हणाल्या.

कोणी बुटातली वाळू झाडत होतं, कोणी फोटो दाखवत होतं. काकूंनी थर्मासमधला चहा ओतला. एक कप हातात धरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"आणि हे?"

मीनाताईंनी पुन्हा मोजलं. चौदाच. काका आजवर सगळ्यांना मोजत आले होते, स्वतःला सोडून. चौदांत ते नव्हतेच. आणि त्यांच्या मागे कोणी नसायचं, म्हणून ते पडले तेव्हा कोणी पाहिलंही नव्हतं.

आम्ही धावत परत आत शिरलो. हाक मारली की ती खडकांवर आपटून भलतीकडूनच ऐकू यायची. एका वळणावर ते खडकाला टेकलेले सापडले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात वाळूत तसाच पडलेला. मला बघून त्यांनी मोठ्या कष्टाने जीभ हलवली.

"सगळे... आले?"

"हो काका," मी म्हणालो.

अर्धांगवायू होता. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये काढून ते काकूंबरोबर नाशिकला परतले. विमानतळावर त्यांची चाकाची खुर्ची मी ढकलली. त्या दिवशी पहिल्यांदाच ते पुढे आणि मी मागे होतो.

थंडी पुन्हा आली, तेव्हा मी त्यांना पत्र पाठवलं. काकू वाचून दाखवतील म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

"ती. काकांस सा. न. वि. वि.

या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. मंडळी बिचकत होती. सगळ्यांच्या मागे मी चाललो, मीनाताई माझ्या जोडीला. आता शेवटी दोघं असतात, आणि मोजणारा आधी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवतो. या वेळी मात्र त्याच्याही आधी, तुमच्यापासून मोजणी सुरू केली. परतल्यावर एक आकडा कमी भरला. तो तुमच्यासाठी तसाच ठेवला आहे.

हाताचा व्यायाम चुकवू नका. हळूहळू चला. मी मागे आहे."