मनोहरची माकुलं

मनोहर गेल्याचं मला पुलगाव स्टेशनवर कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. महिना झाला, अजून राग जात नाही... कुणावरचा, ते सांगूनच टाकतो.

वर्ध्याकडच्या नाचणगावच्या या माणसाने पंचविशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. आमच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा, मी कचेरीत टाइपिस्ट. एकदा सहल घेऊन रत्नागिरीकडे गेला आणि तिथे माकूल नावाच्या त्या दहा हातांच्या, रंग बदलणाऱ्या जिवाने त्याला जे धरलं ते सोडलंच नाही. उन्हाळ्याच्या सात सुट्ट्या त्याने कोळ्यांच्या होडीत उपडं पडून काढल्या, बुडाला काच लावलेला तेलाचा डबा उथळ पाण्यात धरून. परत आला की माझ्या टेबलाशी बसायचा. “अबे, मोठा नर मादीवर पहारा देऊन राह्यला, अन् लहान नर काय करते? हात आखडते, मादीचा रंग घेते, अन् त्याच्या डोळ्यांदेखत तिच्याजवळ जाते!” मग मादी काळी अंडी एकेक करून शेवाळाला द्राक्षांसारखी बांधते आणि थकून मरते, हे सांगताना मात्र त्याचा आवाज उतरायचा.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला त्याने यावर लेख लिहिला. विभागप्रमुखांनी कागद माझ्यापुढे टाकले. “त्याचं नाव काढ, माझं टाक. नाचणगाववाल्याले समुद्राचं कोण विचारते?” माझी नोकरी तात्पुरती होती. मी टाइप केलं. हात कुणी धरला नव्हता माझा. लेख छापून आला आणि मनोहरने समुद्राचं नाव घेणंच सोडलं. कॉलेजात टाइपराइटर एकच होता, तरी त्याला कळलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली. तो दर रविवारी माझ्याकडे चहाला येत राहिला...

परवा मनोहरच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “त्यायले पहिल्याच दिवशी समजलं होतं, भाऊजी. मी म्हटलं, जाब काऊन नाई विचारत? तर म्हणे, त्याची नोकरी कच्ची आहे, त्याले घरी बसवतील.”

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे, मनोहर. इतकी वर्षं माझा चहा पिऊन गेलास!

खिडकीत पोपटाचा पिंजरा होता. माकुलाच्या पाठीतलं पांढरं हाड, समुद्रफेन, तारेला अडकवलेलं, आणि पोपट त्यावर चोच घासत होता. “त्यायनं आणलेल्यातला हा शेवटचा तुकडा,” वहिनी म्हणाल्या. “वर्ध्याले औषधीच्या दुकानात भेटते म्हणे.” मी आणून देतो म्हणणार होतो. उठून चपला घातल्या.