पहिली फर्माईश

लिफ्टमध्ये मंद सुरावट चालू असते, पण ती कोणीतरी बसवलेली असते हे आपल्या मनातही येत नाही. मला मात्र भास्करकाका आठवतात. काका दिवसा कार्टूनपटांना संगीत द्यायचे आणि संध्याकाळी एका हॉटेलात पियानो वाजवायचे. तिथे जेवणारे त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नसत.

एकदा एक जाडजूड शेठजी खुर्चीवरून घसरले आणि काकांच्या बोटांनी सवयीने मांजर जिन्यावरून गडगडतानाचे सूर वाजवले. सगळं हॉटेल हसलं. मॅनेजर ओरडत धावला. शेठजी मात्र कोट झटकत पियानोपाशी आले. "झकास! पुन्हा वाजवा, मी पुन्हा पडतो."

घरी आल्यावर काका बूटही न काढता काकूला म्हणाले, "अगं, वीस वर्षांत आज पहिल्यांदा फर्माईश आली!"