रेकॉर्डिंग एकदाच वाजतं

कॅनडाला जायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं. अर्ज नवऱ्याच्या नावाने होता, पण जोडीदाराच्या इंग्रजीचेही गुण धरतात आणि आमची फाईल अगदी काठावर होती. म्हणून मलाही आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. मी कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर इंग्रजीतच रिपोर्ट लिहिते.

डोंबिवलीला क्लास लावला. वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला नऊपैकी वेगळे गुण, त्याला बँड म्हणतात. सरावात वाचन-लेखन छान गेलं. ऐकण्यात मात्र मी साफ आपटले. त्यात रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. कुणी बाई फोनवर हॉल बुक करतेय, पत्ता सांगतेय, आणि आपण ऐकता ऐकता रिकाम्या जागा भरायच्या. मला बाईचा आवाज येत होता, पण शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या वाटत होत्या. एक शब्द सुटला की त्याच्यामागून सगळी ओळ जायची.

सर म्हणाले, उच्चारांची सवय नाही, परदेशी बातम्या ऐका. मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना बातम्या ऐकायला लागले. तरी बँड वाढेना. हळूहळू क्लासच्या दिवशी सकाळपासूनच भीती वाटायला लागली. नवरा म्हणायचा, "तू घाबरतेस, म्हणून ऐकू येत नाही." मलाही ते पटलेलं.

एका सरावाला मी हात वर करून सरांना सांगितलं की हेडफोनची डावी बाजू बंद आहे. त्यांनी दुसरा दिला. त्याचीही डावी बाजू बंद. तिसरा मागितला, तेव्हा सरांनी माझ्या हातातला हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. थोडा वेळ ऐकून हळूच म्हणाले, "मॅडम, दोन्ही बाजू चालू आहेत."

वर्गातले बाकीचे खाली मान घालून उत्तरं लिहीत होते. मी हेडफोन परत घातला आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत पेन नुसतं हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये असताना नवऱ्याचा फोन आला. तो बोलत असताना मी फोन डाव्या कानाला लावून पाहिला. भिंतीपलीकडे कुणीतरी गुणगुणतंय, एवढंच कळत होतं. पुन्हा उजव्या कानाला लावला तेव्हा तो विचारत होता, "अगं, ऐकतेयस ना?" मी हो म्हणाले.

त्याला लगेच सांगायचा धीर झाला नाही. व्हिसासाठी मेडिकल असते. माझ्या कानापायी दोघांचं जाणं अडलं तर, या विचाराने मला जेवण जाईना. शेवटी तोच म्हणाला की क्लास बदलूया, आणि मी रडायलाच लागले. मग त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, तू माझ्याकडे लक्षच देत नाहीस."

ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे मला एका बंद खोलीत बसवलं. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. काही शिट्ट्या आल्या, मग सगळं शांत झालं. मी वाट बघत राहिले. सहज काचेपलीकडे पाहिलं तर तपासणाऱ्या मुलीचा हात मशीनवर चाललेलाच होता. शिट्ट्या वाजत होत्या, मला ऐकू येत नव्हत्या. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डाव्या कानाची नस बरीच गेली होती, उजव्याचीही सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, स, फ यांसारखे बारीक आवाज आधी जातात. गेलेलं परत येणार नाही. कानात घालायच्या मशीनने काम चालेल. मग इतकी वर्षं मला कळलं कसं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, सवयीच्या भाषेत माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं ओळखतो. म्हणजे मराठीत मी कित्येक वर्षं नुसती ओळखत होते.

डॉक्टरांचा दाखला जोडून आधी अर्ज केला की अशा परीक्षार्थींसाठी वेगळी सोय होते, हे सरांनी शोधून काढलं. मी कानात मशीन घालून, वेगळ्या खोलीत स्पीकरवर ऐकून परीक्षा दिली. बोलण्याच्या भागात समोरच्या बाईंना दोनदा प्रश्न पुन्हा विचारायला लावला. 

ऐकण्यात साडेसहा बँड आले. फाईलला तेवढे पुरले. कानामुळे मेडिकल अडू नये, असं आमची फाईल बघणाऱ्या एजंटने सांगितलंय.

फाईल गेलीय. नवरा तिकडच्या थंडीचे व्हिडिओ बघतो. मला मात्र कॅनडाच्या उत्तरापेक्षा डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, त्याची धास्ती आहे. उजवा कान आणखी किती गेलाय, ते त्या दिवशी कळेल.