उलटून बघितलंत काय?

"मॅडम, उलटून बघितलंत काय?" असं विचारताना मामा उजवा तळहात हवेत पालथा करत, तव्यावरचं घावन उलटावं तसा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. त्यांनी मला हे विचारावं, याचा सुरुवातीला मला रागच यायचा.

असे मामा तुम्हीही पाहिले असतील. काचपट्ट्या धुणारे, चाव्या सांभाळणारे. आमच्या मामांकडे मात्र एक वही होती. रत्नागिरीबाहेरच्या कातळावर पावसाळ्यात पाणी साचणारा एक खळगा आहे. त्यात नाचणीच्या दाण्याएवढं पांढरं फूल येणारं रोप त्यांनी हेरलं होतं. पाच पावसाळे ते कामावर येण्याआधी खळग्यात फूटपट्टी बुडवून पाणी मोजत आणि वहीत लिहीत. पाणी बोटभर उरलं की फूल उमलतं, हा त्यांचा शोध.

विभागप्रमुख म्हणाले, "माहिती द्या मामा, मी लिहितो. आभारात तुमचं नाव घालू."

"आभारात पुष्कळदा आलो, सर," मामा म्हणाले. "ह्या वेळेला वर यायचंय."

वर म्हणजे शीर्षकाखाली, लेखक म्हणून. आणि शास्त्रीय मासिकाला टिपण इंग्रजीत हवं. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले आणि मामांचं इंग्रजी बाटल्यांवरच्या लेबलांपुरतं. पण गडी हटणारा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी मोबाइल ठेवून बसायचे. मराठी वाक्य टाकून इंग्रजी घ्यायचं, इंग्रजी सुधारणाऱ्या ॲपकडून ते तासून घ्यायचं, मग तेच पुन्हा मराठीत आणून, म्हणजे त्यांच्या भाषेत 'उलटून', वहीशी ताडून पाहायचं. एकदा त्यांचा खळगा हात धुवायचं बेसिन होऊन परत आला. "कच्चं राहिलं," एवढंच म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा टाकलं. मी मेली हसत बसले होते.

टिपण पुरं झालं, पण मासिकाच्या शब्दमर्यादेबाहेर गेलं. मी मोठ्या तोऱ्यात ॲपला ते आटोपशीर करायला सांगितलं. क्षणात असं गुळगुळीत इंग्रजी आलं की मला माझ्याच पदवीची लाज वाटली.

"पाठवा आता," मी म्हटलं.

"उलटून बघूया."

"मामा, मी वाचलंय."

"असूदे. तुम्ही इंग्रजी वाचलंत. माझी वही नाय वाचलीत."

उलटलं. मामा एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि थांबले. "चौथं वर्ष कुठाय?"

चौथ्या वर्षी पाऊस हटलाच नव्हता. खळगा काठोकाठ राहिला आणि एकही फूल आलं नाही. ॲपने ते वाक्य गाळलं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं. मी म्हटलं, "फूल न आल्याचं कशाला सांगायचं? शोध लंगडा दिसेल."

"नाय आलं तर नाय आलं म्हणायला नको? नायतर नाव माझं कशाला लावू?"

त्यातली दोन देखणी वाक्यं कापून त्यांनी चौथ्या वर्षाला जागा केली आणि टिपण पाठवलं.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात उत्तर आलं. टिपण स्वीकारलं होतं. संपादकांनी लिहिलं होतं की पाणी ओसरलं नाही त्या वर्षी फूल आलं नाही, या नोंदीमुळेच निष्कर्षावर विश्वास बसतो. ती नसती तर टिपण परत पाठवावं लागलं असतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. विभागप्रमुख उठले आणि त्यांनी मामांना आपल्या खुर्चीत बसवलं.

निवृत्त होऊन मामा देवरूखजवळच्या आपल्या गावी गेले. आता प्रयोगशाळेच्या चाव्या दुसऱ्याकडे आहेत, आणि वर्गात मुलांचे निबंध तपासताना माझाच तळहात पालथा होतो.

टिपण प्रसिद्ध झालं त्या दिवशी ते सकाळच्या एसटीने आले होते. प्रयोगशाळेतल्या संगणकावर मी पान उघडून दिलं. शीर्षकाखाली एकच नाव होतं, इंग्रजीत. मामांनी चष्मा पुसला, नाव उचलून भाषांतराच्या चौकटीत टाकलं आणि पडद्यावर मराठी उमटेपर्यंत श्वास रोखून बसले.

"उलटून बघितलं, मॅडम," ते म्हणाले. "मीच आलो."