अक्काच्या गावचा पत्ता

रेवणप्पाचं किराणा दुकान निलंगा तालुक्यात, पण त्याचं टीबीचं कार्ड उमरग्याकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात. पत्ता थोरल्या बहिणीच्या गावचा. दर महिन्याला तो "अक्काकडं जाऊन येतो" म्हणून घरून निघायचा, माझ्याकडून फुकटच्या गोळ्या घ्यायचा आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायचा. मी कंपाउंडर, लबाड पुष्कळ पाहिले, पण इतका भित्रा लबाड हा पहिलाच. कारण एकच, घरात लग्नाची पोरगी, नागम्मा. बापाला क्षय आहे म्हटलं की सोयरीक उंबऱ्यावरूनच परत जाते.

दीड वर्षाच्या गोळ्या. त्यातले सात-आठ महिने झाले होते. खोकला थांबला होता. अशात लातूर वेगळा जिल्हा झाला; निलंगा तिकडं गेला, उमरगा जुन्याच जिल्ह्यात राहिला. तिकडं पेढे वाटले आणि इकडं माझ्या टेबलावर हुकूम आला : औषधांचा खर्च फार वाढलाय, पत्ते तपासा, दुसऱ्या जिल्ह्यातल्यांची कार्डं त्यांच्या गावी पाठवा. तपासायला माणूस गेला तेव्हा अक्का भोळेपणानं म्हणाली, "माझा भाऊ हितं कशाला ऱ्हाईल? निलंग्याकडं दुकान हाय की त्याचं!"

रेवणप्पा धावत आला. "कार्ड गावाला गेलं की आरोग्यसेवक दारात येतोय, सायब. सोयरीक परवाच ठरलीया. लगीन होईस्तोवर तेवढं थांबवा."

"आणि गोळ्या? इथल्या तर आता बंद."

"इकत घेतो."

त्या वर्षी पाऊस नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. बाहेरच्या गोळ्या दुकानाच्या महिन्याच्या कमाईत बसत नव्हत्या. तो घेणार नाही हे मला कळत होतं. तरी मी कार्ड ड्रॉवरमध्ये दाबून ठेवलं. त्याचा मला आजही राग येतो, माझाच.

वैशाखात लग्न झालं, टँकरच्या पाण्यावर. चार महिने गोळी न घेतलेला रेवणप्पा तोंडावर उपरणं धरून मांडवाच्या कडेला उभा होता. नवरदेवाचा बाप पुढं आला आणि माझ्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. सिद्धराम! दर महिन्याला क्षयाच्या गोळ्यांसाठी माझ्याच खिडकीवर येणारा, मेव्हण्याच्या गावचा पत्ता दिलेला. त्याचा मेव्हणा बेरकी, तपासणीत "आत्ताच रानात गेलेत" म्हणून मोकळा झाला होता. सिद्धरामनं मला पाहिलं आणि मान खाली घातली.

लग्नानंतर मी कार्ड पाठवलं. पण आता गोळ्या लागू पडेनात. श्रावणात रेवणप्पा गेला.

पुढच्या महिन्यात सिद्धराम खिडकीशी आला. डोळे पुसत म्हणाला, "व्याही मला एका शब्दानं बोलले न्हाईत. मी काय सोयरीक मोडली असती व्हय? माझ्यातल्या निम्म्या गोळ्या दिल्या असत्या."

मी गोळ्या मोजून दिल्या. त्यानं त्या पानाच्या डबीत भरल्या. पायरीपर्यंत गेला आणि परत फिरला.

"सायब, तेवढं सुनेला कळू देऊ नका."